हापसा काढण्याआधी

आमच्या गल्लीतल्या तिन्ही सोसायट्यांचे पदाधिकारी, मंडळाचे कार्यकर्ते आणि समस्त रहिवासी यांस,

स. न. वि. वि.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या खोलीत बैठक आहे आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला हापसा काढून टाकावा अशा अर्जावर तिथं सह्या घ्यायच्या आहेत, हे मला जिन्याखालच्या फळ्यावरून कळलं. जागा मोकळी झाली की सहा दुचाकी लागतील, असंही त्यावर लिहिलं आहे. मी सही करणार नाही. का करणार नाही ते बैठकीत दोन मिनिटांत सांगून व्हायचं नाही, आणि बोलायला उभी राहिले तर माझा गळा भरून येईल हे मला माहीत आहे. म्हणून लिहून कळवते. हे पत्र फळ्याशेजारी लावते आहे, ग्रुपवरही टाकते आहे. ज्याला पुढं पाठवावंसं वाटेल त्यानं खुशाल पाठवावं.

आधी तुमच्या तक्रारींबद्दल. त्या खऱ्या आहेत. ओट्याची फरशी फुटली आहे, पाणी साचून राहतं, डास होतात. मागच्या पावसाळ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी तिथंच घसरल्या आणि दीड महिना हात गळ्यात बांधून होत्या. कोपऱ्यात कचऱ्याच्या पिशव्या येऊन पडतात. पहिल्या मजल्यावरच्यांना रात्रीबेरात्री दांड्याचा खडखडाट ऐकू येतो, तान्हं मूल दचकून उठतं. यातलं काहीच मी नाकारत नाही. पण फरशी फुटली ती केबलसाठी खणलं तेव्हा, आणि मोरी तुंबली ती त्याच खणलेल्या मातीनं. हापशाचा त्यात दोष एवढाच की तो तिथं उभा होता.

मला बोचलं ते अर्जातलं एक वाक्य. ‘सदर हापसा कोणीही वापरत नाही.’

माझी गॅलरी बरोबर त्याच्यावर आहे. गेल्या गुरुवारी, पाणी बंद होतं त्या दिवशी, सकाळी सहापासून नऊपर्यंत मी तिथं चहाचा कप घेऊन बसले आणि कोण कोण येतं ते पाहिलं. पालेभाजीवाल्या मावशी आल्या. त्यांनी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या पाटीत घालून त्यावर पाणी मारलं, गोणपाट भिजवलं आणि ते जुड्यांवर पांघरलं. दोन रिक्षावाले आले. शेजारच्या बांधकामावरची एक बाई दोन डबे घेऊन आली, तिचं पोर दांड्याला लोंबकळत हापसत होतं. शाळेच्या फाटकाशी फुलं विकणारी मुलगी आली. इस्त्रीवाले काका आले. सोसायटीचा आपला वॉचमन आला, जो आपल्या टाकीतलं पाणी घेऊ शकत नाही, कारण टाकीला कुलूप आहे. आणि साडेआठच्या सुमारास आपल्याच इमारतीतल्या दोन घरांतून बादल्या खाली आल्या. त्या कुणाच्या ते मी लिहीत नाही, पण त्यांची नावं अर्जाच्या मसुद्यात आहेत.

तेव्हा ‘कोणीही वापरत नाही’ याचा अर्थ, आपण ज्यांना मोजतो त्यांच्यापैकी कोणी वापरत नाही, एवढाच. मंडळाच्या मुलांनो, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गुलालानं लाल झालेला रस्ता तुम्ही कोणत्या पाण्यानं धुता, तेही एकदा आठवून बघा.

आता थोडं मागं जाऊ द्या. थोडं म्हणजे पावणेतीनशे वर्षं.

पुण्यात पत्ता सांगताना आपण हौदांची नावं घेतो: फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, पंचहौद. रिक्षात बसून ‘फडके हौद’ म्हणणाऱ्या कितीजणांच्या डोळ्यांपुढं पाणी येतं? नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला आंबील ओढ्यावर बांध घालून तलाव केले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी, चुन्यातला नळ आणला. नळ म्हणजे आजची पाइपलाइन नव्हे. माणूस आत उतरून चालू शकेल एवढं ते भुयार. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारे उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा मोकळी होते, गाळ खाली बसतो आणि साफ करायला माणूस उतरू शकतो. ना पंप, ना वीज. कात्रज उंच, पुणं सखल, बस्स. उतारानं पाणी आपसूक येत होतं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडत होतं. पुढं नाना फडणवीसांनी, रास्त्यांनीही आपापले नळ गावात आणले. आज बहुतेक हौद गेले नाहीतर झाकले गेले, चौकांना नावं तेवढी राहिली.

पण मला या हौदांच्या बांधकामाइतकंच दुसरं एक महत्त्वाचं वाटतं. हौद रस्त्यावर होता. वाड्याच्या आत विहीर असली तर ती वाड्याची, तिथं जायला दिंडी ओलांडावी लागे, मालकांना विचारावं लागे. हौदावर विचारायचं कुणाला? निदान म्हणायला तरी तो सगळ्यांचा होता. ‘म्हणायला’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. पाणी रस्त्यावर आलं तरी ते कुणी घ्यायचं आणि कुणी लांब उभं राहायचं, हे या गावानं फार काटेकोर ठरवून ठेवलं होतं.

आपल्यापासून चालत पंधरा मिनिटांवर फुलेवाडा आहे. 1868 मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपण शाळेत ही एक ओळ पाठ करून सोडून दिली. घरच्या हौदावर दुसऱ्याला बोलवायचं म्हणजे आपलं रोजचं पाणी, आपला स्वयंपाक, आपली जात, सगळं त्या हौदाच्या काठावर ठेवायचं. जोतिरावांनी ते ठेवलं. त्यांच्याच सत्यशोधक समाजातले डॉ. विश्राम रामजी घोले, नावाजलेले सर्जन. त्यांची काशी नावाची मुलगी लहानपणीच गेली. घरात तिला बाहुली म्हणत. मुलीला शिकवलं म्हणून चिडलेल्या लोकांनी तिला लाडवातून काच घातली, असं पुण्यात आजही सांगतात. त्या बापानं मुलीच्या आठवणीसाठी बुधवार पेठेत हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. तोच बाहुलीचा हौद. मूल गेलेल्या माणसानं देऊळ बांधलं असतं, धर्मशाळा बांधली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यानं पाणी ठेवलं, आणि तेही कुणालाही घेता येईल असं. मला त्या बापाविषयी जे वाटतं ते शब्दांत नीट मांडता येत नाही.

हे सगळं सरकारी कागदावर यायला 1923 उजाडलं. त्या वर्षी सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. आणि ठराव झाला तरी पाणी मिळालं नाही, म्हणून 1927 मध्ये बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं.

दरम्यान गावात नळ येऊ लागले होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला, त्याच्यामुळं बंड गार्डनला ते नाव पडलं. 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि मग कालव्याचं पाणी. चौकाचौकांत नळकोंडाळी झाली. ज्यांच्या घरात नळ आला त्यांना हौदाची गरज उरली नाही आणि हौदांची हेळसांड तिथून सुरू झाली. हौदांची आठवण आली ती 12 जुलै 1961 ला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याला भगदाड पडलं, आणि पूर ओसरल्यावर नळ उघडावा तर थेंब नाही. जे धरण पाणी द्यायचं तेच वाहून गेलेलं. आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन, आपल्या इमारतीच्या जागी जो वाडा होता त्यात आली होती. ती सांगायची, वाड्याचा दिंडी दरवाजा त्या दिवसांत रात्रीसुद्धा लावला नाही. नदीकाठच्या पेठांतून चिखलानं माखलेली माणसं घागरी घेऊन यायची आणि विहिरीवर ओळ लागायची. विसरलेल्या विहिरी आणि हौद त्या वेळी गावाच्या उपयोगी पडले.

ती विहीर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलीच नाही. आता आपल्या इमारतीची लिफ्ट जिथं आहे, साधारण तिथं ती होती. चौकोनी, घडीव दगडाची, उतरायला अकरा पायऱ्या. आत एक कासव होतं. वाडा पाडला तेव्हा त्याचाच राडारोडा विहिरीत लोटला, तुळया काढून घेतल्या आणि विटा-माती आत. आधल्या संध्याकाळी दोघं मजूर उतरले आणि त्यांनी कासव घमेल्यात घालून वर आणलं. वडिलांनी ते ओल्या पोत्यावर ठेवून रात्रभर सांभाळलं आणि सकाळी सायकलला पिशवी अडकवून कुठल्या तरी देवळाच्या तळ्यात सोडून आले. विहीर बुजवू नका असं त्यांनी कुणाला म्हटलं नाही. फ्लॅट मिळणार होता, आम्ही सगळेच गप्प होतो. मीसुद्धा. आज तिथं किती खोल खणलं तर पाणी लागेल हे सांगायला कुणी उरलेलं नाही. बुजवलेलं पाणी परत उघडत नाही, हे मी घरच्या विहिरीवरून सांगते आहे.

आपला हापसा बहात्तरच्या दुष्काळानंतर आला. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. लॉरीवर बसवलेलं यंत्र आलं आणि गल्लीत दोन दिवस कान फाटतील असा आवाज चालला होता. पुण्याखाली काळा कातळ आहे. त्याचं राखाडी पीठ भोकातून उडत होतं आणि सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होतं. मग एकदम पिठाचा चिखल झाला आणि यंत्रावरचा माणूस हात वर करून ओरडला. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. एकीनं आतून हळदकुंकू आणलं आणि चिखलात नारळ फोडला.

पहिला हापसा ओतीव लोखंडाचा होता, नाजूक. असले हापसे मुळात एका घराच्या अंगणासाठी केलेले, दिवसातून दहा-वीस बादल्या काढायच्या हिशेबानं. इथं अख्खी गल्ली त्याच्यावर तुटून पडायची. महिन्या-दोन महिन्यांत कधी दांडा मोडायचा, कधी खिळ निसटायची. हे आपल्याच गल्लीत नाही, देशभर चाललं होतं. दुष्काळात बोअर घेतले, हापसे बसवले आणि त्यातले बहुतेक थोड्याच दिवसांत बंद पडले. यावर उपाय निघाला तो महाराष्ट्रात, याचा मला अभिमान आहे आणि ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी शिकवलेली नाही. जालन्याला मिशनच्या पाणी-कामातल्या लोकांनी जास्त टिकेल असा हापसा करून पाहिला, सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. दांड्याच्या पुढच्या टोकाला त्यांनी साखळी लावली. पूर्वी दांडा वरखाली होताना आतली सळई तिरकी ओढली जायची, घासायची आणि झिजायची. साखळीमुळं ती सरळ उभ्या रेषेत वर येते. सोलापूरच्या त्या हापशावरून पुढं सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. सत्तरचं दशक संपता संपता तो कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि नंतर आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आज जो उभा आहे, तो हाच. ज्याच्या खांबाला तुम्ही सायकल बांधता, ते सोलापूरचं डोकं आहे.

त्याचे तीन पाय काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले असतात आणि त्याच्यामुळं भोकाचं तोंड झाकलं जातं, म्हणजे वरचं सांडपाणी आत झिरपू नये. म्हणून ओटा फुटू देता कामा नये. फुटलेला ओटा म्हणजे नुसती घसरण नाही, खालच्या पाण्यात घाण जाण्याची वाट आहे. हे पाणी प्या असं मी कुणाला म्हणत नाही. जुन्या पेठेत ड्रेनेजच्या लायनी शेजारून जातात, तपासल्याशिवाय ते पाणी पिण्याचं नाहीच. पण धुण्याभांड्याला, फरशीला, संडासाला, झाडांना, गाड्यांना आपण धरणाचं शुद्ध केलेलं पाणी ओततो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतो, याचाही कधी विचार करा.

आता जे मी कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगते. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते, पण इथवर यायला एवढी पानं लागली.

गल्ली झाडायला तेव्हा एक मावशी यायच्या. काम उरकलं की हातपाय धुवायच्या आणि घरी न्यायला एक बादली भरून घ्यायच्या. रांग संपेपर्यंत त्या समोरच्या भिंतीपाशी उभ्या राहायच्या. तिथं उभं राहा असं त्यांना कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणावं लागतच नव्हतं. एकदा दुपारी रांग नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः दांडा धरला, बादली भरली आणि निघाल्या. मी कळशी घेऊन उभी होते, दहा वर्षांची असेन. तेवढ्यात वाड्यातल्या एक आजी आल्या. मला म्हणाल्या, ‘‘तू हापस गं.’’ मी हापसू लागले. त्यांनी तोटीखाली तांब्या धरला, भरला की ते पाणी दांड्यावर ओतायच्या, परत भरायच्या. माझे हात दांड्यावरच होते. तीन तांबे ओतले. बाहीपर्यंत भिजले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या काय धूत आहेत. आणि मान वर केली तर मावशी परत आलेल्या. भिंतीपाशी केरसुणी राहिली होती त्यांची. त्यांनी आमच्याकडं बघितलं, केरसुणी उचलली आणि गेल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही हापसायची थांबले नाही.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले, एवढंच. मला वाटलं ती आजींकडं जाऊन भांडेल, पण वाड्यात सासूच्या वयाच्या बाईला बोलणं तिला जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती स्वतः दुपारी कळशी घेऊन जायला लागली, मावशींच्या वेळेला. ‘‘मावशी, माझा खांदा दुखतो, तेवढी माझी कळशी हापसून द्या,’’ म्हणायची. मावशी हापसायच्या आणि आई ते पाणी घरात आणून सरळ माठात ओतायची. कितीतरी महिने असं चाललं. आजींनी ते पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. आईचा खांदा दुखत नव्हता.

मी पुढं यावर खूप विचार केला. हौदात हात बुडतो, विहिरीत पोहरा जातो, म्हणून तिथं ‘पाणी बाटतं’ म्हणणाऱ्यांना काहीतरी बोट ठेवायला जागा होती. हापशाचं पाणी कातळाच्या खाली. तिथवर कुणाचा हात पोचत नाही, आजींचा नाही आणि मावशींचाही नाही. मग धुवायला उरला तो फक्त लोखंडी दांडा, आणि तो धुवायचा तर आधी कुणीतरी तोच दांडा धरून पाणी काढायला हवं. दहा वर्षांच्या मुलीच्या हातून ते करून घेतलं गेलं. त्या दांड्याच्या जागी आलेल्या दांड्याला आज तुम्ही भंगार म्हणता. माझ्यासाठी तो माझ्या आईची आणि मावशींची आठवण आहे. मला तो नजरेसमोर हवा.

आता कामाचं. ‘तो बिघडला आहे, दहा-पंधरा वेळा हापसल्याशिवाय पाणीच येत नाही’ असं अर्जात आहे. बरोबर आहे. पण त्याचा अर्थ पाणी आटलं असा होत नाही. हापशाचा सिलिंडर खाली पाण्यात बुडालेला असतो, त्याच्या तळाशी एक झडप असते. तिचं वायसर झिजलं की पाइपात उभं राहिलेलं पाणी रात्रभरात हळूहळू खाली गळून जातं, आणि सकाळी पहिल्या हिसक्यांत नुसता रिकामा पाइप भरावा लागतो. एकदा भरला की धार नीट लागते, हे कुणीही पाहावं. मी मोजलं आहे: धार लागल्यावर पंधरा लिटरची बादली चाळीसेक हिसक्यांत भरते. नव्या हापशाला जवळपास तेवढेच लागतात. म्हणजे वरच्या दट्ट्याचे बकेट वायसर अजून धड आहेत, खालची झडप तेवढी गळते आहे. आणि खडखडाट होतो तो साखळीला ग्रीस नाही म्हणून, आणि दांड्याच्या बेअरिंगची खुळखुळ. झाकणाचा एक बोल्ट काढला की साखळी दिसते. मी स्वतः पाहिलं, साखळी कोरडी ठणठणीत आहे, तांबूस झाली आहे, पण एकही कडी तुटलेली नाही.

हापसा सार्वजनिक आहे. तो आपल्या सोसायटीचा नाही, मंडळाचा नाही, माझाही नाही. रिक्षावाल्यांचा, भाजीवाल्या मावशींचा त्याच्यावर तेवढाच हक्क आहे आणि त्यांना बैठकीचं बोलावणं गेलेलं नाही. ते द्या. सहा दुचाकी लावायला मंडळाच्या खोलीमागची जागा आहे, तिथला मांडवाचा जुना सांगाडा हलवला तर आठ लागतील. मी टेप धरून पाहिलं आहे. ओट्याच्या फरशीसाठी आणि मोरीला जाळी बसवण्यासाठी वर्गणी काढायची तर पहिली माझी लिहा. रात्री दहानंतर हापसायचं नाही अशी पाटी लावू, तान्ह्या बाळाची झोप मला कळते. ‘पाणी पिण्यासाठी नाही’ अशीही पाटी हवी, ठळक. आणि आपल्या गच्चीचं पावसाचं पाणी, जे आज पाइपानं थेट गटारात जातं, ते गाळून जमिनीत मुरवायची सोय करता येईल. वरून काही द्यायचं नाही आणि खालून उपसत राहायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून मागते. रविवारी तुम्ही काहीही ठरवलंत, हापसा हलवायचं ठरवलंत तरी, भोकात राडारोडा टाकू नका, सिमेंट ओतू नका. वर झाकण बसवून ठेवा. विहिरीच्या वेळी मी गप्प राहिले होते.

दुरुस्तीचा अर्ज मी सोमवारी दिला आहे आणि पाठपुरावाही करते आहे. पण बैठकीआधी तुम्हाला धार दिसावी म्हणून एका जुन्या फिटरकाकांना मी विचारलं, ज्यांनी पस्तीस वर्षं हेच काम केलं. रीतसर तोंडी परवानगी घेऊनच ते रविवारी सकाळी सात वाजता येणार आहेत. तिकाटणं, चेन पाना आणि नवं वायसर ते आणतील. दहा-दहा फुटांचे पाइप एकेक करून वर ओढायचे असतात. तो वजनदार प्रकार आहे, ओढायला चार आणि पाना धरायला एक अशी माणसं लागतात. इस्त्रीवाले काका आणि वॉचमन येतो म्हणाले. अजून दोघं हवेत. चहा माझ्याकडं.

आपली शेजारीण,
हापशावरच्या गॅलरीतली, दुसरा मजला